अलार्म वाजलाच नाही, तर दोष कोणाचा?

प्रश्न : मी तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत पॅनेलवर शिफ्ट करतो. वायुगळती आधीच ओळखणारी एआय यंत्रणा बसवणार, असं आम्हाला सांगितलंय. तिनं इशारा दिलाच नाही आणि दुर्घटना घडली, तर दोष कोणाचा?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : भरपाईपुरतं बोलायचं तर कारखाना चालवणाऱ्याचा. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पुढच्याच वर्षी सांगितलं, की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद असते. ‘आम्ही सगळी काळजी घेतली होती’ हा बचाव चालत नाही. मग ‘एआयनं सांगितलं नाही’ हा तरी कसा चालावा?

पण तुमची खरी भीती चौकशीची असावी. तिथं पहिलं बोट पॅनेलवर बसलेल्याकडे जातं. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ला एक झडप उघडीच अडकली. पॅनेलवरचा दिवा विझलेला होता, म्हणून ऑपरेटरांनी ती बंद झाली असं धरलं. दिवा मात्र फक्त बंद होण्याचा आदेश गेल्याचं दाखवत होता. झडप खरोखर बंद झाली का, हे कळायची सोयच त्यात नव्हती. अणुभट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला. अपघाताची चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगानं ऑपरेटरांच्या चुका नोंदवल्या, पण त्यांच्या मागे अपुरं प्रशिक्षण, गोंधळाच्या कार्यपद्धती आणि नियंत्रण कक्षाची सदोष रचना होती, हेही बजावलं.

त्या दिव्याची वायर कुठून येते हे नकाशावर शोधता तरी आलं. एआय गप्प का राहिली, हे बनवणाऱ्यालाही अनेकदा सांगता येत नाही. ती जुन्या नोंदींवरून शिकते, आणि मोठ्या गळतीच्या नोंदी सुदैवानं थोड्याच असतात. म्हणजे जिथं चूक परवडत नाही तिथंच तिचा अभ्यास कच्चा. उलट ती उगाच वाजत राहिली, तर माणसं लक्ष देणं सोडतात. आणि तिच्या भरवशावर रात्रपाळीची माणसं कमी केली, तर चूक पकडणारंच कोणी उरत नाही. मला सगळ्यात जास्त घोर लागतो तो याचा.

युरोपीय संघाच्या २०२४च्या कायद्यानं उच्च जोखमीच्या एआयवर माणसाची देखरेख सक्तीची केली आहे. यंत्रावर आंधळा विश्वास बसण्याचा धोकाही त्यात नमूद आहे. भारतात नोव्हेंबर २०२५मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली, स्वतंत्र कायदा नाही. रासायनिक कारखान्यांसाठी एवढं पुरेसं नाही. यंत्रणेनं दिलेला प्रत्येक इशारा आणि ऑपरेटरनं डावललेली तिची प्रत्येक सूचना नोंदवून त्या नोंदी चौकशीला खुल्या ठेवणं बंधनकारक व्हायला हवं.

तोवर हातात आहे ते वापरा. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८७मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार धोकादायक कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली आणि तातडीचा धोका दिसला तर तो वरिष्ठांच्या नजरेला आणण्याचा कामगाराचा हक्क नोंदला गेला. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेतही हा हक्क आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत विचारा : ही यंत्रणा कोणत्या वायूंच्या नोंदींवर शिकली? तिला डावलून प्लांट थांबवायचा अधिकार शिफ्टवर कोणाकडे? कंत्राटी कामगारांना तिचं प्रशिक्षण मिळणार का? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.