आज्ञेची भाषा : लष्करी अधिकाऱ्याचे वक्तृत्व आणि परिभाषा

लष्करी अधिकारी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे त्याचा गणवेश, त्याची चाल आणि त्याचे शस्त्र उभे राहते. त्याची भाषा सहसा येत नाही. वस्तुतः खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, डेहराडूनची भारतीय सैन्य अकादमी किंवा चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण अकादमी यांत दाखल होणाऱ्या तरुणाला धावणे आणि नेमबाजी यांच्याइतक्याच कसोशीने बोलणेही शिकावे लागते. ही कसोटी प्रवेशापूर्वीच सुरू होते. सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीत उमेदवाराच्या हाती विषयांचे एक कार्ड दिले जाते; तीन मिनिटे विचारास आणि सुमारे तीन मिनिटे बोलण्यास मिळतात. श्रोते असतात त्याच्याच गटातील उमेदवार. आपल्याकडील मराठी माध्यमाचा विद्यार्थी येथे इंग्रजीच्या भयाने आधीच खचतो. हे भय अवास्तव आहे असे मी म्हणणार नाही. परंतु तेथे भाषेच्या नटवेपणापेक्षा विचारांचा क्रम आणि बोलणाऱ्याची स्थिरता यांना अधिक मोल आहे.

शब्दांची ही काटेकोर पारख कशासाठी, हे समजण्यास बालाक्लाव्हाचे उदाहरण पुरेसे आहे. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच टेकडीवर उभा होता. जिंकलेल्या ठाण्यांवरील तोफा रशियन सैनिक ओढून नेत आहेत, असे त्याला वाटले. त्या वाचवाव्यात म्हणून त्याने घोडदळास लेखी आज्ञा धाडली. आज्ञेत तोफा असा शब्द होता. कोणत्या तोफा, ते नव्हते. खाली दरीत असलेल्या लॉर्ड लुकनला त्या तोफा दिसतच नव्हत्या. आज्ञा आणणाऱ्या कॅप्टन नोलनला विचारता त्याने हात हवेत फिरवला. परिणामी सुमारे ६७० घोडेस्वार दरीच्या टोकाशी असलेल्या भलत्याच तोफखान्यावर चालून गेले. त्यांतील शंभराहून अधिक प्राणांस मुकले आणि स्वतः नोलनही त्याच चढाईत पडला. शौर्य अपुरे पडले नाही. शब्द अपुरा पडला. टेकडीवरच्याला जे दिसते ते दरीतल्याला दिसत नाही, ही साधी गोष्ट आज्ञा लिहिताना ध्यानात राहिली नाही.

अशा संदिग्धतेवर उपाय म्हणून आज्ञा देण्याचा एक ठरावीक साचा सैन्यांत रूढ झाला. प्रथम परिस्थिती, म्हणजे शत्रू कोठे व आपले कोण कोठे, मग उद्दिष्ट, मग अंमलबजावणी, त्यानंतर रसद व प्रशासन, शेवटी नेतृत्व व संदेशवहन. उद्दिष्ट एकाच वाक्यात सांगून दोनदा उच्चारण्याची पद्धत आहे. प्रशिक्षणार्थी वाळूत डोंगर, नाले, वाटा यांची प्रतिकृती मांडतो आणि हातात काठी घेऊन या क्रमाने बोलतो. साचा रुक्ष आहे, यात शंका नाही. पण थकलेल्या, भिजलेल्या, झोप न झालेल्या माणसालाही पुढे काय ऐकायला मिळणार हे ठाऊक असते, हा त्याचा केवढा तरी लाभ आहे.

वायरलेसवरील परिभाषेचेही असेच. इंग्रजीतील बी, डी, पी, टी ही अक्षरे खरखरीत सारखीच ऐकू येतात. म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो. ‘ओव्हर’ म्हणजे माझे बोलून झाले, उत्तराची वाट पाहतो. ‘आउट’ म्हणजे संभाषण संपले, उत्तर नको. चित्रपटांत दोन्ही एकत्र ऐकू येतात, पण त्या जोडीला अर्थच उरत नाही. ऐकू न आल्यास ‘से अगेन’ म्हणावे, ‘रिपीट’ नव्हे. कारण तोफखान्याच्या भाषेत ‘रिपीट’चा अर्थ पुन्हा मारा करा असा होतो. संख्या एकेक अंक सुटा करून सांगतात. हिंदीतील उन्यासी व नवासी यांत गोंधळणाऱ्या मराठी मुलांना तर हा नियम मोठाच दिलासा वाटावा!

याखेरीज प्रबोधिनीची एक घरगुती बोलीही असते. शिक्षेच्या व्यायामाला तेथे ‘रगडा’ म्हणतात. ही बोली कोणी शिकवत नाही; ती आठवडाभरात अंगवळणी पडते आणि आपलेपणा देते. मात्र तिची आणि युद्धाच्या परिभाषेची गल्लत होऊ नये. पहिली आपण कोण हे सांगते, दुसरी नेमके काय करायचे ते सांगते.

खरी परीक्षा पुढेच असते. इंग्रजीत पाठ केलेली परिभाषा अधिकाऱ्याला जवानांपुढे हिंदीत, आणि पुष्कळदा पलटणीच्या भाषेत उतरवावी लागते. गुरखा पलटणीत रुजू होणारा अधिकारी नेपाळी शिकतो, ती याचसाठी. ज्याला संज्ञेचा अर्थ उमगला आहे त्यालाच ती साध्या शब्दांत सांगता येते. ज्याने ती केवळ घोकली, तो जवानाच्या पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. म्हणून आज्ञा संपल्यावर ‘काही शंका?’ एवढे विचारून भागत नाही. अधिकाऱ्याने स्वतः एखाद्याला विचारावे, ‘तू कोठे जाणार? कोणत्या खुणेवर?’

२०२२ पासून प्रबोधिनीचे दार मुलींनाही खुले झाले आहे. तेव्हा वसतिगृहातील मुलामुलींनी हा सराव आजपासूनच करावा. त्यास इंग्रजी लागत नाही. शाळेच्या फाटकापासून एखाद्या ठरावीक झाडापर्यंतची वाट, डावे, उजवे, अंतर व खुणा यांसह, दोन मिनिटांत मराठीत सांगा. ती वाट न पाहिलेल्या मित्राने पाठमोरे बसून, एकही प्रश्न न विचारता, कागदावर नकाशा काढावा. मग दोघांनी तो कागद घेऊन चालत जावे. नकाशा जेथे चुकला असेल तेथे थांबून कोणता शब्द कमी पडला ते पाहावे, तो बदलावा आणि दुसऱ्या मित्राला पुन्हा पहिल्यापासून सांगावे.