हाती आहे ते
वाचन : निर्गम ४:१-५

मोशेजवळ मेंढपाळाची काठी होती. देवाने तीच वापरली.

तंजावूर राजवाड्याजवळच्या शिवगंगा किल्ल्यातील उपासनामंदिर हीच साक्ष देते. १७५० साली भारतात आलेले जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्याजवळ ना सैन्य होते, ना संपत्ती. भाषा शिकण्याची चिकाटी व सचोटी मात्र होती. तेवढ्यावर विसंबून १७७९ साली मद्रास सरकारने त्यांना हैदर अलीकडे दूत म्हणून पाठविले. पुढे तुळजाजी राजांनी दत्तकपुत्र सरफोजींना त्यांच्याच हाती सोपविले. सरफोजींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. तरी राजा झाल्यावर गुरूचे संगमरवरी स्मारक त्यांनी याच मंदिरात उभारले.

प्रिय वाचका, फळ कोणते, हे देव ठरवील. तुझी सुई, तुझा गळा, तुझे थोडके शिक्षण अल्प म्हणून झाकून ठेवू नकोस. आजच त्याच्या स्वाधीन कर.