तेरा विजय, तरी पाचवा!

ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ वर जातो आणि बर्फ म्हटला की गोळ्याची गाडी आठवते, तिथल्या पोरानं स्कीइंगवर लेख लिहावा म्हणजे जरा अतीच! पण अल्पाइन स्कीइंगच्या विक्रमांचा तक्ता बघताना मला त्यात चक्क आपल्या मार्कशीटचा प्रश्न सापडला.

आधी तोंडओळख. बर्फाच्या उतारावर रोवलेल्या फाटकांमधून कमीत कमी वेळात खाली यायचं. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. स्लॅलममध्ये फाटकं जवळजवळ, म्हणजे वळणांचं कसब. जायंट स्लॅलममध्ये अंतर जास्त. डाउनहिल म्हणजे निव्वळ वेग. २०१३ साली स्वित्झर्लंडमध्ये वेंगनच्या डाउनहिलमध्ये योहान क्लारेचा वेग ताशी १६१.९ किलोमीटर मोजला गेला! हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये घोकलंय. म्हणून तिथे खेळाडू अंग आक्रसून, खाली वाकून जातो. थोडक्यात, खेळ एक पण विषय वेगवेगळे.

आता स्वीडनचा इंगेमार स्टेनमार्क बघा. १९७४ ते १९८९ या काळात त्याने वर्ल्ड कपच्या ८६ शर्यती जिंकल्या: ४६ जायंट स्लॅलम आणि ४० स्लॅलम. २०२३ मध्ये अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने हा आकडा ओलांडला, पण पुरुषांमध्ये तो अजून कोणाला गाठता आलेला नाही. गंमत म्हणजे डाउनहिलमध्ये त्याचा एकही विजय नाही.

१९७८-७९ च्या मोसमात तर त्याने जायंट स्लॅलमच्या दहाच्या दहा शर्यती मारल्या, वर स्लॅलमच्या तीन. एकूण तेरा. तरी सर्वसाधारण क्रमवारीत पाचवा! असं काहून? हिशोब सोपा आहे. विजेत्याला २५ गुण, पण प्रत्येक प्रकारातले सर्वोत्तम तीनच निकाल धरायचे. म्हणजे एका प्रकारात कमाल ७५, दोन प्रकारांत १५०. पुढे कितीही जिंका, बेरीज तिथेच अडकली. सगळ्या प्रकारांत थोडेथोडे गुण जमवणारा स्वित्झर्लंडचा पीटर ल्युशर अजिंक्य ठरला.

पुढे नियम बदलले. आता विजेत्याला १०० गुण मिळतात आणि प्रत्येक शर्यत धरली जाते. त्यामुळे ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर एकही डाउनहिल न जिंकता २०१२ ते २०१९ सलग आठ वेळा अजिंक्य झाला, विजय ६७. स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमॅटने २०२२-२३ मध्ये तेराच शर्यती जिंकल्या, पण गुण २०४२, म्हणजे एका मोसमातला पुरुषांचा विक्रम. दुसरीकडे लक्झेंबर्गकडून खेळणारा मार्क जिरारडेली. विजय ४६, पण सगळ्या पाचही प्रकारांत, आणि अजिंक्यपद पाच वेळा. स्टेनमार्कला ते तीनदाच मिळालं.

मग मोठा कोण? मला वाटतं, हा प्रश्न खेळाडूपेक्षा मोजपट्टीचा आहे. कॅम्पसला येणारी कंपनी आधी अ‍ॅग्रिगेट विचारते. एका विषयात जीव ओतणारा आपला मित्र त्या चाळणीतून खाली पडतो, आणि आपण लगेच त्याला 'ढ' ठरवून मोकळे होतो. चाळणीची भोकं कोणी, कशासाठी पाडली, हे तपासायला आपण इंजिनीअर लोकांनी तरी विसरू नये. अ‍ॅग्रिगेट सांभाळाच, नोकरी हवी आहे! पण पाचव्या नंबरावरचा माणूस कदाचित तेरा शर्यती जिंकून आलेला असेल, एवढं लक्षात ठेवा.