बिनतारी जोडणीची परीक्षा

बिनतारी संदेशवहनाशी आपल्या परिसराचे नाते जुने आहे. १९२७ साली हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यात बीम पद्धतीची बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पिंपरी-चिंचवडच्या शेजारी खडकीला, तर ग्रहण केंद्र दौंडला होते. तेव्हा या आकाशातून साम्राज्याचे निरोप जात. आज चाकणच्या कामगाराच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज जातो. म्हणून मोडेमची जोडणी तपासता येणे हा आम्ही शिक्षणाचाच भाग मानतो.

‘नेट गेले’ ही तक्रार झाली, निदान नव्हे. दुवे एकामागून एक तपासावेत.

पहिला दुवा संगणक ते मोडेम. संगणकावर ‘पिंग’ ही आज्ञा लिहून पुढे मोडेमचा पत्ता द्यावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. माईक मूस यांनी १९८३ साली लिहिलेली ही आज्ञा छोटासा संदेश पाठवते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगते.

दुसरा दुवा मोडेम ते मनोरा. मोडेमच्या पानावर संकेताची तीव्रता डीबीएममध्ये दिसते. फोर-जीसाठी उणे ८० चांगली, उणे ११० क्षीण. हा फरक तीसचा दिसला तरी शक्ती हजारपटीने घटलेली असते. पत्र्याची छपरे व भिंती लहरी परतवतात. अशा खोलीत मोडेम खिडकीशी ठेवून आकडा पुन्हा पाहावा.

तिसरा दुवा मनोऱ्यापलीकडचा. ८.८.८.८ या पत्त्यावर पिंग करावे. उत्तर आले, तर बाहेरची वाट खुली आहे. शेवटी आकड्यांऐवजी एखाद्या संकेतस्थळाचे नाव द्यावे. आकड्याला उत्तर येते पण नाव सापडत नाही, असे झाल्यास दोष बहुधा नावांचे पत्ते शोधणाऱ्या डीएनएस यंत्रणेत असतो.

हे आम्ही चुकूनच शिकलो. अर्जाच्या अखेरच्या दिवशी संकेतस्थळ उघडेना. आम्ही मोडेमला दोष देत तो पुन्हापुन्हा बंद-चालू केला. दुपार वाया गेली. सायंकाळी अकरावीच्या एका विद्यार्थिनीने वरील क्रमाने तपासणी केली. मोडेम निर्दोष होता. डीएनएसचा पत्ता चुकीचा भरलेला होता आणि तो आम्हीच भरला होता. तो बदलताच सर्व अर्ज मुदतीत गेले.

पुराव्यावाचून निष्कर्ष काढू नये, हे इतिहासाच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्या दिवशी तोच धडा एका विद्यार्थिनीने आम्हाला दिला.