रेबीज प्रतिबंधात मोनोक्लोनल प्रतिपिंडांचे स्थान

विषाणूचा संसर्ग झाल्यावर शरीरातील बी-पेशी त्यास निष्प्रभ करणारी प्रथिने निर्माण करतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ही नैसर्गिक प्रतिपिंडे संमिश्र असतात. एकाच पेशीच्या वंशातून निर्माण झालेली व विषाणूच्या एकाच विशिष्ट भागाशी जुळणारी प्रतिपिंडे म्हणजे मोनोक्लोनल प्रतिपिंडे होत.

निर्मिती : बी-पेशी प्रयोगशाळेत फार काळ जगत नाही, कर्कपेशी मात्र अखंड वाढते. १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोहलर व मिलस्टीन यांनी उंदराच्या प्लीहेतील बी-पेशी व कर्कपेशी यांचा संयोग घडवून दोन्ही गुण असलेली संकरपेशी तयार केली. या कार्यास १९८४ चे नोबेल पारितोषिक लाभले. आज मानवी प्रतिपिंडाचे जनुक अन्य पेशींत घालून त्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढविल्या जातात.

उपयोग : कर्करोग व संधिवाताच्या उपचारांत, तसेच शेळ्या-मेंढ्यांतील पीपीआर रोगाच्या चाचणीतही ही प्रतिपिंडे वापरली जातात. पशुपालकांशी त्यांचा सर्वांत निकटचा संबंध रेबीजमुळे येतो. लस घेतल्यावर शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार होण्यास साधारणतः ७ ते १४ दिवस लागतात. तोवर विषाणू मज्जातंतूत शिरू नये म्हणून तयार प्रतिपिंडे थेट जखमेत टोचतात. पूर्वी ती केवळ घोड्याच्या किंवा मानवी रक्तापासून मिळत व पुरवठा अपुरा पडे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या सहकार्याने विकसित केलेले मोनोक्लोनल प्रतिपिंड २०१७ पासून भारतात उपलब्ध आहे. त्याची मात्रा प्रतिकिलो वजनास ३.३३ एकक असते. घोड्यापासूनच्या प्रतिपिंडांची ४० एकक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा प्रतिपिंडांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

विस्तार कार्यकर्त्यांनी सांगावयाच्या बाबी :

१. चावा लागताच जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना लावू नये.

२. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्त आले असल्यास लसीसोबत प्रतिपिंडांचीही विचारणा करावी. लसीच्या पहिल्या मात्रेनंतर ७ दिवस उलटल्यास प्रतिपिंडे दिली जात नाहीत.

३. प्रतिपिंडे लसीची जागा घेत नाहीत. लसीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात.

४. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या घशात काही अडकले असे समजून तोंडात हात घालू नये. ते रेबीजचे लक्षण असू शकते. हातावरील खरचटीस लाळ लागली असल्यास तीही चाव्याइतकीच गंभीर मानावी.

लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून पहिल्याच दिवशीची तत्परता निर्णायक होय.