शाळेतील जुना संगणक : खात्यांची व्यवस्था आणि सामायिक प्रिंटर

एप्रिल महिन्यातील गोष्ट. एका चारशिक्षकी शाळेत वार्षिक निकालपत्रकांचे काम संगणकावर चालू होते. संगणकात प्रवेश करण्याचे खाते सर्वांना मिळून एकच होते, आणि त्या खात्यास परवलीचा शब्द, ज्यास आपण पासवर्ड म्हणतो, तो मुळीच ठेवलेला नव्हता. मधल्या सुटीत सातवीतील एक मुलगा चित्र काढण्यासाठी संगणकावर बसला. पडदा फार भरून गेला आहे असे वाटून त्याने त्यावरील काही फायली पुसल्या आणि कचरापेटीही रिकामी केली. दुपारी निकालपत्रके दिसेनात, तेव्हा शोधाशोध झाली. गुणांच्या हस्तलिखित नोंदी होत्या म्हणून निभावले. तथापि दोन रात्री जागून सर्व पत्रके पुन्हा तयार करावी लागली. मुलाला संगणकास हात लावण्याची मनाई झाली. सातवीचे वर्ष संपवून तो शाळा सोडून गेला, तोवर ती मनाई उठली नाही.

या प्रसंगी दोष मुलाचा होता काय? कपाटाला कुलूप न लावता आत उत्तरपत्रिका ठेवल्या, आणि त्याच कपाटातील खडू काढून आणण्यास मुलास सांगितले, असाच हा प्रकार होय. संगणकाला बसलेला माणूस कोण हे त्याच्या खात्यावरूनच कळते. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच खात्याने आत आले तर दोघेही त्याच्या लेखी एकच. दोघांनाही सर्व काही पाहण्याची व पुसण्याची सारखीच मुभा.

शाळांना मिळालेले बहुतेक जुने संगणक विंडोज 7 या प्रणालीवर चालतात; क्वचित एखादा विंडोज एक्सपीवरही आढळतो. एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या 8 एप्रिल 2014 रोजी आणि विंडोज 7 च्या 14 जानेवारी 2020 रोजी थांबल्या. विंडोज 10 चीही सर्वसाधारण मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. यास्तव अशा संगणकांवर पत्रव्यवहार, निकालपत्रके, प्रश्नपत्रिका, मुलांचा सराव ही कामे खुशाल करावीत. परंतु मुलांचे आधार क्रमांक व इतर माहिती इंटरनेटवरून भरावयाची असेल तेव्हा जुन्या यंत्राचा आधार न घेणे शहाणपणाचे. यंत्र जुने झाले म्हणून खात्यांची शिस्त मात्र निरुपयोगी होत नाही. उलट, ज्या यंत्राचे बाहेरून रक्षण होत नाही त्याची आतील व्यवस्था तरी चोख असावी.

विंडोज 7 मध्ये खात्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिले प्रशासकाचे, म्हणजे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. त्यास नवे कार्यक्रम बसविणे, दुसऱ्यांची खाती उघडणे व काढणे, इतरांच्या फायलींत जाणे हे सर्व अधिकार असतात. दुसरे साधे, म्हणजे ‘स्टँडर्ड यूझर’. त्यास आपले काम करता येते, परंतु दुसऱ्याच्या खात्यातील कागद उघडता येत नाहीत. (एक्सपीमध्ये या दुसऱ्या प्रकारास ‘लिमिटेड’ असे नाव होते.) शाळेसाठी व्यवस्था अशी असावी : प्रशासकाचे खाते एक, ते मुख्याध्यापकांच्या ताब्यात, प्रत्येक शिक्षकास त्याच्या नावाचे साधे खाते, आणि सर्व मुलांना मिळून ‘विद्यार्थी’ या नावाचे एक साधे खाते. मुख्याध्यापकांनीही रोजचे लेखनकाम आपल्या साध्या खात्यातूनच करावे. अधिकार आहे म्हणून तो दिवसभर हातात धरून बसावयाचा नसतो.

आजवर एकच खाते वापरले गेले असेल, तर ते पुसून टाकण्याची घाई करू नये. जुने सर्व कागद त्याच खात्यात असतात. प्रथम ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘यूझर अकाउंट्स’मध्ये जाऊन नवे प्रशासक खाते उघडावे व त्यास परवलीचा शब्द द्यावा. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, नव्या खात्याने आत जाऊन पाहावे, आणि प्रवेश नीट होतो अशी खात्री पटल्यावरच जुन्या खात्याचा प्रकार बदलून ते साधे करावे व त्यासही परवलीचा शब्द द्यावा. हा क्रम उलटा करू गेल्यास काम अडते, कारण संगणकावरील शेवटच्या प्रशासक खात्याचा अधिकार विंडोज काढू देत नाही. प्रशासकाचा परवलीचा शब्द कागदावर लिहून, पाकीट बंद करून, त्याच्या जोडावर मुख्याध्यापकांनी तारखेसह सही करावी आणि ते जनरल रजिस्टरच्या कपाटात ठेवावे. संगणकाच्या पडद्याखाली चिकटविलेली चिठ्ठी ही परवलीच्या शब्दाची जागा नव्हे.

येथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पुष्कळ शाळांत महत्त्वाचे कागद डी ड्राइव्हवर ठेवण्याची चाल आहे. सी ड्राइव्ह बिघडून विंडोज पुन्हा बसवावे लागले तरी डी ड्राइव्हवरील कागद वाचतात, असा अनुभव त्यामागे आहे, आणि तो चुकीचा नाही. परंतु खात्याचे संरक्षण हे सी ड्राइव्हवरील ‘यूझर्स’ या फोल्डरात प्रत्येकाच्या नावाने जी जागा असते, तिलाच आपोआप मिळते. डी ड्राइव्हवरील कागद नेहमीच्या मांडणीत प्रत्येक खातेदारास उघडता येतात, बदलता येतात व पुसताही येतात. म्हणजे चार शिक्षकांना चार खाती दिली, मुलांना निराळे दिले, आणि निकालपत्रके मात्र डी ड्राइव्हवर राहिली, तर दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखे झाले. शिक्षकाने आपले कागद आपल्या खात्यातील ‘माय डॉक्युमेंट्स’मध्येच ठेवावेत, आणि यंत्र बिघडण्याची भीती खरीच असल्यामुळे दर आठवड्यास त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तो कपाटात ठेवावा. सर्वांनी पाहावयाचे कागद, जसे वेळापत्रक किंवा परिपाठाचे साहित्य, ‘पब्लिक’ या फोल्डरात ठेवण्यास हरकत नाही. वर्गात जाण्यासाठी उठताना विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरून एल् ही कळ दाबावी, म्हणजे पडदा बंद होऊन पुन्हा परवलीचा शब्द विचारला जातो. एवढी सवय लागली तरी निम्मे काम झाले.

आता प्रिंटरचा विचार करू. केंद्रशाळेत दोन किंवा तीन संगणक आणि प्रिंटर एकच, ही परिस्थिती नेहमीची. मग कागद पेन ड्राइव्हवर घेऊन प्रिंटरच्या संगणकाकडे जावयाचे असा रिवाज पडतो. त्यातून संगणकाचे रोग एका यंत्रातून दुसऱ्यात जातात हे सर्वांस ठाऊक आहे. शिवाय श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या वळणाच्या अक्षरांत लिहिलेले पत्र, ती अक्षरे नसलेल्या संगणकावर उघडले की भलत्याच चिन्हांची रांग दिसते, हा त्रास निराळा. प्रिंटर सामायिक केला, तर पत्र ज्या संगणकावर लिहिले तेथूनच छपाईस पाठविता येते. त्यामुळे अक्षरे तेथे आहेत एवढे पुरते. प्रिंटरच्या संगणकावर ती नसली तरी चालते.

प्रिंटर ज्या संगणकास जोडलेला आहे त्यास आपण यजमान संगणक म्हणू. त्यावर ‘डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स’मध्ये प्रिंटरच्या चित्रावर उजवी कळ दाबून ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडावे, ‘शेअरिंग’ या पानावर ‘शेअर धिस प्रिंटर’ पुढे खूण करावी आणि प्रिंटरला लहानसे, मध्ये जागा न सोडलेले नाव द्यावे. ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मधील प्रगत मांडणीत फायली व प्रिंटर सामायिक करण्याची परवानगी चालू करावी. दुसऱ्या संगणकावरून प्रिंटर जोडताना यजमान संगणकाचे नाव व प्रिंटरचे नाव द्यावे लागते. म्हणून ही दोन्ही नावे यंत्रावर कागद चिकटवून लिहून ठेवावीत. ती गुप्त नाहीत. यजमान संगणक 64 बिटांचा आणि दुसरा 32 बिटांचा असल्यास, त्याच ‘शेअरिंग’च्या पानावरील ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून दुसऱ्या जातीचा ड्रायव्हर आधी घालावा. विंडोज 7 मध्ये असलेली ‘होमग्रुप’ ही सोय विंडोज 10 मधून 2018 साली काढून टाकण्यात आली. तेव्हा दोन्ही प्रकारची यंत्रे असतील तेथे तिच्या भरवशावर राहू नये. यजमान संगणक चालू असला पाहिजे व झोपी गेलेला नसला पाहिजे, हे उघडच आहे. त्यासाठी ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये झोपेची वेळ ‘नेव्हर’ अशी ठरवून द्यावी.

एवढे करूनही पुष्कळ ठिकाणी गाडी अडते. दुसऱ्या संगणकावर नाव आणि परवलीचा शब्द विचारणारी चौकट येते. शिक्षक नाव लिहितात, परवलीचा शब्द नसल्याने ती जागा कोरी सोडतात, आणि प्रवेश नाकारला जातो. प्रिंटर बिघडला अशी समजूत होऊन कारागिरास बोलावणे जाते. वस्तुतः प्रिंटर ठीक असतो. परवलीचा शब्द नसलेल्या खात्याने यंत्रासमोर बसूनच आत जाता येते. दुसऱ्या संगणकावरून येणाऱ्यास अशा खात्यावर विंडोज आत घेत नाही. हा नियम सुरक्षिततेसाठी मुद्दाम केलेला आहे.

दुसरी अडचण अशी की, लहान जाळ्यातील प्रत्येक संगणक आपल्या खात्यांची यादी स्वतंत्र ठेवतो. एका शाळेच्या जनरल रजिस्टरमधील 214 क्रमांकाचा विद्यार्थी दुसऱ्या शाळेच्या रजिस्टरमध्ये त्याच क्रमांकावर शोधून सापडणार नाही, तसेच हे आहे. यावर सोपा उपाय म्हणजे, जे शिक्षक प्रिंटर वापरणार त्यांची खाती यजमान संगणकावरही त्याच नावाने व त्याच परवलीच्या शब्दाने उघडणे. नाव व शब्द दोन्हीकडे अक्षरशः सारखे असले की चौकट पुन्हा येत नाही. काही जण ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून मोकळे होतात. छपाई सुरू होते खरी, पण सर्वांसाठी सामायिक केलेले फोल्डरही जाळ्यावरील कोणासही न विचारता खुले होतात. ही पळवाट शाळेत नको. ऑगस्ट 2021 पासूनच्या दुरुस्त्या झालेल्या विंडोज 10 वर प्रिंटर जोडताना ड्रायव्हर बसविण्यासाठी प्रशासकाचा परवलीचा शब्द मागितला जातो. तेथे मुख्याध्यापकांनी स्वतः येऊन तो घालावा. सांगून टाकू नये.

छपाईस पाठविलेले कागद यजमान संगणकावर रांगेत उभे राहतात. साध्या खातेदारास रांगेतील फक्त आपला कागद रद्द करता येतो, प्रशासकास कोणाचाही. सगळे एकाच खात्याने वावरत असतील तर एकाने रद्द केलेली पत्रिका दुसऱ्याची निघते व वाद होतो. निराळी खाती असली की तो प्रसंग येत नाही. एखादा कागद रांगेत अडकून पुढील सर्व खोळंबले, तर प्रशासक खात्यातून ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा थांबवावी. सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात ‘सिस्टिम 32’, त्यात ‘स्पूल’, त्यात ‘प्रिंटर्स’ असे जाऊन त्या फोल्डरातील फायली पुसाव्यात, फोल्डर पुसू नये. आणि सेवा पुन्हा सुरू करावी. यात सर्वांचेच रांगेतील कागद जातात, म्हणून आधी इतरांना विचारावे.

प्रश्नपत्रिकांच्या बाबतीत ही रांग विशेष जपावी लागते. छपाई चालू असताना वीज गेली, तर उरलेले काम बहुधा नाहीसे होत नाही. दुसऱ्या दिवशी संगणक व प्रिंटर सुरू होताच ते पुढे चालू होते. संध्याकाळी शिक्षक घरी गेले, आणि सकाळी मुलांनी यंत्र सुरू केले, तर चाचणीची पत्रिका त्यांच्याच हाती पडावयाची. पुन्हा एखाद्या मुलावर चोरीचा आळ! यासाठी वीज गेल्यावर प्रिंटरची तार काढून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी ती जोडण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः रांग पाहून नको ते काम रद्द करावे. ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’ ही खूण असल्यास ती काढावी. ती असेल तर छापून झालेली पत्रिकाही रांगेत राहते व तेथून पुन्हा छापता येते.

शिक्षकाची बदली होते तेव्हा जडवस्तूंच्या नोंदवहीप्रमाणे संगणकाचाही चार्ज द्यावा. जाणाऱ्या शिक्षकाने आपल्या खात्यातील शाळेचे कागद मुख्याध्यापकांसमक्ष त्यांच्या खात्यात उतरवून द्यावेत. खासगी कागद घेऊन जावेत. खाते लगेच काढू नये. तूर्त त्याचा परवलीचा शब्द प्रशासकाने बदलून ठेवावा, आणि एक सत्र गेल्यावर, कशाची उणीव भासली नाही तर काढावे. काढताना ‘फायली ठेवावयाच्या की पुसावयाच्या’ असा प्रश्न विंडोज विचारते. ‘कीप फाइल्स’ हे उत्तर दिले असता त्या खात्याचे कागद व चित्रे प्रशासकाच्या पडद्यावर त्याच्या नावाच्या फोल्डरात येतात. पत्रपेटीतील ई-मेल मात्र येत नाही. मुख्याध्यापकांची स्वतःचीच बदली झाल्यास कपाटातील पाकीट नव्या मुख्याध्यापकांच्या हाती द्यावे; त्यांनी ते फोडून त्याच दिवशी परवलीचा शब्द बदलावा, नवे पाकीट करून त्यावर सही करावी व तशी नोंद चार्जच्या यादीत घ्यावी.