मातीकामातले उस्ताद : लॉकवुड किपलिंग

अजिंठ्याची वेलबुट्टी आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूवर उतरते, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको. पण दीडशे वर्षांमागे हीच नक्षी मुंबईत झिलईच्या मातीच्या भांड्यांवरही उतरली होती. सर जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी हे काम सिंधहून आणलेल्या काशीगरांच्या हातून उभे केले. त्याच शाळेतले शिल्पशिक्षक लॉकवुड किपलिंग यांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

किपलिंग यांचा जन्म १८३७ सालचा, यॉर्कशायरमधला. १८५१ चे लंडनचे जागतिक प्रदर्शन पाहून त्यांनी कारागिरीची वाट धरली आणि बर्स्लेम गावी चिनीमातीच्या कारखान्यात उमेदवारी केली. पुढे लंडनच्या संग्रहालयाच्या इमारतीसाठी भाजलेल्या मातीची नक्षी घडवण्यात त्यांचा हात होता. हे काम वाटते तितके सोपे नाही. माती सुकताना आणि भाजताना साधारण दहावा हिस्सा आकसते, म्हणून नमुना मुळातच मोठा करावा लागतो. जाडी एकसारखी नसली तर भट्टीत तडा जातो. मात्र साचा एकदा जमला की तोच नग पुन:पुन्हा निघतो. दगडात प्रत्येक नगाला नवी मजुरी.

१८६५ साली ते मुंबईस आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची शिल्पे त्यांचीच. त्यांत देवदेवता नाहीत, कामकरी माणसे आहेत; बाजाराच्या दारावर हेच शोभते, असे आम्हांस वाटते. १८७० ते ७२ या काळात सरकारी कामावर फिरून त्यांनी विणकर, सुतार, कुंभार यांची चित्रे काढली. हात कुठे, पाय कुठे, हत्यार कसे धरले, सारे त्यांत दिसते. पाश्चात्त्य नमुने गिरवण्यापेक्षा इथल्या कारागिराकडून शिकावे, हे त्यांचे मत याच फिरतीत पक्के झाले असावे.

१८७५ मध्ये ते लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्रमुख झाले. तिथले त्यांचे शागीर्द भाई राम सिंग यांनी पुढे व्हिक्टोरिया राणीच्या ऑसबोर्न वाड्यातला दरबार-कक्ष सजवला. १९११ साली किपलिंग वारले.

त्यांची ती चित्रे लंडनच्या संग्रहालयात आहेत. चित्राखाली बहुधा धंदा आणि गाव लिहिलेले आढळते, कारागिराचे नाव क्वचितच.